काठावर बसून कोण वाचलंय?

अंदमानहून परत आलेल्या माणसाला आमच्या पांढरकवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पाण्यात उतरले होते का मंग?’ उत्तरही ठरलेलं असतं. ‘नाही बा. आपल्याले काय करा लागते थ्या पाण्यात? फोटो काढले, आलो.’ सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर खंत नसते. आपण शहाणपणा केला याचं समाधान असतं, आणि ऐकणारेही माना डोलावतात. कुणाचा पोरगा मालवणला स्कूबा डायव्हिंग करून आला, कुणाची सून अंदमानात हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करून आली, तर मात्र घरात बोलणी बसतात. पैसे वर आले काय? जिवावर उदार झाली काय? काही झालं असतं म्हणजे?

हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझा संताप होतो. लोकांनी सुट्टीत काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, हे मला कळतं. पण हे मत सुट्टीपुरतं राहत नाही. ते घरी परत येतं, पोरांच्या कानात शिरतं, शाळेत शिरतं, नदीकाठी आणि शेततळ्याच्या बांधावर जाऊन उभं राहतं. तिथे ते माणसं मारतं. म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

आधी त्या मताची बाजू पुरती मांडतो, कारण अर्धवट मांडून खोडण्यात काही अर्थ नाही. ते म्हणतं: आपण कोरडवाहू मुलखातली माणसं. कापूस, तूर, सोयाबीन ही आपली दुनिया. समुद्र कोकणातल्या कोळ्यांचा, बेटं पैसेवाल्यांची. आपल्याला पोहता येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही. जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग हे सगळे चोचले. वर्तमानपत्रात बोट उलटल्याची बातमी वाचली नाही का? बाईमाणसानं तर भलत्या कपड्यांत पाण्यात उतरूच नये. शिवाय ज्या जिल्ह्यात शेतकरी जीव देतो, तिथल्या माणसानं बेटावर जाऊन पाण्यात उड्या माराव्यात हे शोभतं का? अंदमानला जायचं ते सेल्युलर जेलला नमस्कार करायला. समुद्र लांबून बघावा, हात जोडावे, परत यावं.

एकेक घेऊ.

समुद्र आपला नाही, हे कोणी ठरवलं? आपल्या गावाजवळून वाहणारी खुनी नदी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागराच्या पूर्व कडेला अंदमान आहे. आपल्या छपरावरून ओघळलेलं पावसाचं पाणी जिथे जातं, तो समुद्र परका कसा? आणि तो पाऊस येतो कुठून? मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्या केळापूर तालुक्यातला प्रत्येक कास्तकार एका बातमीकडे कान लावून असतो, मान्सून अंदमानात दाखल झाला का. तिथे पोचला की केरळ, मग कोकण, मग जूनच्या मध्यावर आपण. बियाण्याची सोय, पेरणीचा अंदाज, सावकाराशी बोलणी, सगळं त्या एका बातमीवर हलायला लागतं. कोकणातला माणूस समुद्राला जितका बांधलेला आहे तितकाच आपण आहोत. फरक इतकाच की त्याला तो रोज दिसतो.

आणि शिवराय आपले ना? मग मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्यांनी ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला तोही आपलाच. किल्ला आपला आणि त्याला वेढणारं पाणी मात्र दुसऱ्याचं, हा कुठला हिशेब? त्याच किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात आज गोताखोर माणसं सामान्य कुटुंबांना समुद्राचा तळ दाखवतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर खोल समुद्रात प्रवाळांचं एक पठार आहे, त्याला जगभर आंग्रिया बँक म्हणतात. हे नाव आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून पडलं. ज्यांच्या नावानं समुद्राचा तळ ओळखला जातो त्यांच्या वारसांनी पाण्याकडे पाठ करून बसायचं?

सेल्युलर जेलच्या मुद्द्याचं तर मला खरोखर वाईट वाटतं. आपल्याकडचे शेकडो लोक दर वर्षी सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहतात, डोळे पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर पोरांना ओरडतात, ‘पाण्यात जाऊ नको, गुपचूप बस इथं.’ ज्यांना आपण नमस्कार करून आलो त्या माणसानं ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. पोहता येत नसतं तर ही उडी झाली असती का? ‘काळं पाणी’ ही भीती इंग्रजांनी जाणूनबुजून वापरली. समुद्र ओलांडायची धास्ती होती म्हणूनच तर ते बेट तुरुंग म्हणून उपयोगी पडलं. ती धास्ती आपण स्वतंत्र देशात, स्वतःच्या खर्चानं, विमानाचं तिकीट काढून, तशीच जपत राहायचं का? सेल्युलर जेल बघणं आणि त्याच बेटांच्या पाण्यात निर्भयपणे उतरणं यात विरोध कसला? पहिलं केलं तर दुसरं करायलाच हवं, असं माझं मत आहे.

आता धोक्याकडे येतो, कारण सगळ्यात जोरात हाच मुद्दा फेकला जातो. बोटी उलटतात, माणसं बुडतात. खरं आहे. पण कुठल्या बोटी उलटल्या, कोण बुडालं आणि ती माणसं त्या वेळी काय करत होती, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेतलेत?

२६ जानेवारी २०१४ रोजी अंदमानात ‘ॲक्वा मरीन’ नावाची बोट बुडाली आणि २१ पर्यटक गेले. बहुतेक तमिळनाडूचे, काही मुंबईचे. बोटीला परवानगी पंचविसेक माणसांची होती आणि तिच्यावर जवळपास दुप्पट बसवली होती. ही माणसं पाण्यात खेळत नव्हती. एका बेटावरून दुसरीकडे जाण्यासाठी बाकांवर बसली होती. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोघांचा जीव गेला. तीही डायव्हिंग आटोपून परतीच्या वाटेवर. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. घारापुरीला लोक लेणी बघायला जातात. त्या बोटीचा पाण्यातल्या खेळाशी संबंध होता तरी काय?

म्हणजे काठावर बसावं तसं बोटीत बसलेली माणसं गेली. पाण्याला भिणारा आपला माणूस स्नॉर्केलिंगला नाही म्हणतो, पण खच्चून भरलेल्या बोटीत लाइफ जॅकेट न घालता बिनधास्त बसतो, कारण बसणं हे त्याला सुरक्षित वाटतं. ‘जॅकेट घाला’ म्हटलं तर ‘घामानं अंग चिकचिक होते’ म्हणून ते मांडीवर ठेवतो. याला काळजी म्हणायचं? मांडीवरचं जॅकेट बुडणाऱ्याच्या काय कामाचं? जॅकेटचे खांद्याचे पट्टे वर ओढून पाहिले आणि ते कानापर्यंत आलं, तर ते सैल आहे, पाण्यात पडल्यावर डोक्यातून निघून जाईल. ही साधी गोष्ट पाण्यात उतरणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत शिकवली जाते आणि काठावर बसणाऱ्याला जन्मभर माहीत नसते.

आणि समुद्राच्या बातम्या पाठ असणाऱ्यांनो, आपल्या विदर्भातल्या बातम्या का विसरता? ९ जुलै २०१७, नागपूरजवळचं वेणा धरण. तरुण मुलं होडीत बसून मोबाइलवर चित्रीकरण करत होती, होडी उलटली, आठ जण गेले. १४ सप्टेंबर २०२१, वरूड तालुक्यात वर्धा नदी. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होडीत बसून निघाले होते, ११ जण बुडाले. यातलं कोण बेटावर गेलं होतं? कोणाला चोचले सुचले होते? देशात पाण्यात बुडून मरणाऱ्यांचा आकडा अलीकडे दर वर्षी ३५ हजारांच्या वर जातो आहे. यातले किती जण पॅरासेलिंग करताना गेले असतील? माणसं बुडतात ती नदीत, तलावात, विहिरीत, खदानीत. गणपती विसर्जनात, पोळ्याला बैल धुताना, कपडे धुताना, म्हशीमागे गेल्यावर.

आणि शेततळ्यात. राज्यात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, गावोगावी तळी झाली, पाणी अडलं, चांगलं झालं. पण अस्तराचा प्लास्टिक कागद घातलेलं शेततळं कधी काठावरून नीट पाहिलंय? चारही बाजूंनी उतरता कागद, त्यावर शेवाळ धरलेलं. पोरगं चेंडू काढायला वाकलं की सरळ आत. पोहता येत असलं तरी वर चढायला हाताला काही लागत नाही. नखं लावली तरी कागद सुटतो. म्हणून चारही कडांना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवायला हवी, भोवती कुंपण हवं. किती तळ्यांवर हे सगळं असतं? या मुलाला कोणी शिकवलं असतं की घाबरून हातपाय मारू नकोस, पाठीवर उताणा हो, कान पाण्यात जाऊ दे, तोंड वर ठेव आणि ओरड, तर मदत येईपर्यंत तो तरंगला असता. हे शिकवायला समुद्र लागत नाही. पण पाण्यात उतरणं हे आपलं काम नाही असं मानणारा बाप हे शिकवणार कसा?

‘आपल्या रक्तातच पोहणं नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे. आपल्या आज्यांना विचारा. या तालुक्यात ज्यांच्या शेतात विहीर होती त्यांच्या घरातलं जवळजवळ प्रत्येक पोट्टं पोहायला शिकलेलं होतं. तेलाचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून पाठीला दोरानं बांधायचा, नाहीतर सुका भोपळा किंवा हलका ओंडका, आणि थोरल्या चुलत्यानं वरून ढकलून द्यायचं. चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं, पाचव्या दिवशी डबा सुटायचा. मे महिन्याच्या दुपारी विहिरीच्या थारोळ्यावरून सूर मारणारी पोरं, तळाची माती मुठीत आणून दाखवायची पैज, बुडी मारून किती आकडे मोजता येतात याची चुरस, हे सगळं याच कोरडवाहू मुलखात चालायचं. मग बोअर आल्या. विहिरी आटल्या, काहींत कचरा पडला, काहींवर लोखंडी जाळ्या बसल्या. दोन पिढ्यांत आपण पोहणं विसरलो. वर्धा आणि पैनगंगेच्या काठचा भोई आजही पाण्यात जातो, जाळं टाकतो, पोलिसांना मृतदेह काढायचा असला की त्यालाच बोलावतात. रक्तात नाही म्हणणाऱ्यांनी त्याला आपल्यातून वगळलं आहे का?

बाईमाणसाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो. बेटावरच्या कुठल्याही किनाऱ्यावर जा, आपल्याकडच्या सहलीची एक बाई वाळूत बसलेली दिसेल. मांडीवर सगळ्यांच्या पर्स, शेजारी चपलांची रांग, दोन्ही हातांत मोबाइल, आणि पाण्यात गेलेल्यांचे ती फोटो काढते आहे. नवरा पाण्यात, मुलं पाण्यात, दीर पाण्यात. हिनं तेवढ्याच पैशांचं तिकीट काढलेलं आहे. घरी चार दिवसांचं सगळं उरकून ही आलेली आहे. तिला विचारलं तर म्हणते, ‘मला नाही आवडत.’ कधी उतरलीच नाही तर आवडत नाही हे कळलं कसं? आणि सामान सांभाळायला किनाऱ्यावर लॉकर असतात, पाळीपाळीनं बसता येतं, हे नवऱ्याला का सुचत नाही?

कपड्यांची सबब तर टिकतच नाही. स्कूबासाठी देतात तो वेटसूट मानेपासून पोटरीपर्यंत अंग झाकतो, आपल्या कुठल्याही साडीपेक्षा जास्त. स्नॉर्केलिंग पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लेगिंग घालून होतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. आणि आपल्या शेजारच्या अमरावतीची कांचनमाला पांडे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिनं देशासाठी सुवर्णपदक जिंकलं. याच वऱ्हाडातली दृष्टिहीन मुलगी जगात पहिली येते, आणि आपण धडधाकट सुनेला सांगतो की तू चपला सांभाळ?

पैशाबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. मालवणला हजार-दीड हजारात आणि अंदमानला चारेक हजारात समुद्राचा तळ पाहून होतो. विमानाला, हॉटेलला हजारो रुपये मोजून तिथवर जायचं आणि ज्यासाठी ते बेट जगात ओळखलं जातं तेवढंच सोडून यायचं, यात काटकसर कुठली? लग्नात एका रात्रीच्या डीजेला किती जातात, ते आपल्याला ठाऊक आहे.

शेतकरी आत्महत्यांचा मुद्दा मात्र मी घाईनं उडवून लावणार नाही. या जिल्ह्याचं दुःख मोठं आहे आणि ते मनात ठेवूनच इथल्या माणसानं वागलं पाहिजे. पण हा मुद्दा नेमका कोण, कधी काढतं ते बघा. शंभर गाड्यांची वरात निघते तेव्हा काढत नाहीत. वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लागतात तेव्हा काढत नाहीत. एखाद्या शिक्षकानं पोरांना घेऊन कयाक वल्हवली की लगेच शेतकरी आठवतो. शेतकऱ्याच्या दुःखाचा असा वापर मला मान्य नाही. आणि आनंदावर शेतकऱ्याच्या पोराचा हक्क नाही का? आश्रमशाळेतल्या कोलाम, परधान, गोंड मुलांना समुद्र दाखवला, त्यात उतरवला, तर जिल्ह्याच्या दुःखाचा अपमान होईल की त्यातून एखादा गोताखोर, एखादी जलतरणपटू, नौदलातला एखादा जवान निघेल? तिथे काय मिळतं ते एकदा अनुभवून मग बोला.

काय मिळतं, ते सांगतो. हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, आधी छातीभर पाण्यात उभं करून सराव घेतात. तोंडातल्या नळीनं श्वास घ्यायचा, नाकानं नाही. मुखवट्यात पाणी शिरलं तर नाकानं हवा सोडून ते बाहेर काढायचं. खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कारण दहा मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका आणखी वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, नाहीतर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते. हातांच्या खुणा शिकवतात: तर्जनी आणि अंगठ्याचं कडं म्हणजे सगळं ठीक, अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. आपल्याकडचा माणूस पहिला मासा दिसताच आनंदानं अंगठा वर करतो आणि प्रशिक्षक त्याला तातडीनं वर आणतो. प्रत्येक शिक्षक हे आधीच बजावतो, तरी होतंच. मग पुन्हा खाली. आणि तिथे मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं प्रवाळ, त्याच्या कपारीत समुद्रफुलाच्या बोटांमध्ये दडलेला नारिंगी-पांढरा मासा, स्वतःच्या श्वासाचा आवाज आणि दुसरं काही नाही. ज्यानं जन्मभर पाण्याचं भय बाळगलं तो अर्धा तास पाण्याखाली शांतपणे श्वास घेऊन वर येतो, तेव्हा त्याच्यात काहीतरी बदललेलं असतं. भय शिस्तीनं आवरता येतं, हे त्याच्या शरीराला कळलेलं असतं. याला चोचले म्हणणाऱ्याला मी काय म्हणू?

मात्र एका गोष्टीवर मी कुणालाही सूट देत नाही. ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ ही पाटी बेटावर ठिकठिकाणी दिसते. प्रशिक्षक हात धरून असेल तोवर ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण त्याचा अर्थ पोहायला शिकूच नका असा होत नाही. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांची माहिती अर्जात खरी भरायची. ती लपवणारा स्वतःचाच घात करतो. डायव्हिंगनंतर किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त वेळा खाली गेलात तर १८ तास विमानात बसायचं नाही. म्हणून शेवटच्या दिवसासाठी ते राखू नका. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर हे खेळ बंद असतात. तेव्हा कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर मागे फिरा. बोटीत क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त दिसला तर उतरून जा, पैसे बुडाले तरी चालतील. धोक्याची खरी काळजी ही अशी घ्यायची असते.

शिकलेल्या मंडळींचा एक आक्षेप अलीकडे नव्यानं ऐकू येतो. पर्यटक प्रवाळ तुडवतात, समुद्र खराब करतात, म्हणून पाण्यात उतरू नये. प्रवाळावर पाय ठेवणारा, माशांचा व्हिडिओ नीट यावा म्हणून पावाचे तुकडे टाकणारा, नांगर थेट प्रवाळावर सोडणारा नावाडी, हे सगळे दोषी आहेतच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि ते राखलं गेलं पाहिजे. पण यावर उपाय शिस्त हा आहे. अंदमानातल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेता येत नाही, आणि ते बेट वर्षातला काही काळ बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात, म्हणजे दोन्हींना विश्रांती मिळते. हे जमतं. २०२४ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. ती बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली? ज्यानं जिवंत प्रवाळ डोळ्यांनी पाहिलं त्यानंच वाचली असेल. टिपेश्वरचं जंगल आपल्या उशाला आहे. ज्यानं तिथे एकदा वाघ पाहिला तो जंगलासाठी बोलतो, हे आपण अनुभवानं जाणतो. समुद्राला वेगळा न्याय कशासाठी?

तेव्हा काठावर बसण्यात शहाणपण आहे, हे मत मी पुरतं अमान्य करतो. काठानं कोणालाही वाचवलेलं नाही. पाण्याशी ओळख असलेला माणूस पाण्याचा मान राखतो, बोट पाहून बसतो, जॅकेट घालतो, बुडणाऱ्याच्या मागे वेड्यासारखी उडी न मारता दोर फेकतो. ओळख नसलेला माणूस एक तर पळतो नाहीतर मरतो. नेदरलँड्समध्ये गावोगावी कालवे आहेत म्हणून तिथली बहुतेक मुलं पोहण्याचं प्रमाणपत्र घेतात. बांगलादेशासारख्या गरीब देशात खेड्यातल्या तळ्यातच बांबूचा चौथरा बांधून, चारी बाजूंनी बांबूचं कुंपण घालून लहान मुलांना पोहायला शिकवतात. त्यांना संगमरवरी तलाव लागला नाही. बांबू आपल्याकडे कमी आहे का? शिकवायला भोई समाजातले जाणते लोक आहेत, अमरावतीत १९१४ पासून उभं असलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. इच्छा नाही, एवढीच उणीव आहे.

म्हणून नगर परिषदेला आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना माझं मागणं आहे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला येत्या उन्हाळ्यात पाण्यावर तरंगायला शिकवा. सुरक्षित, उथळ, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालची जागा तयार करा. अस्तराच्या प्रत्येक शेततळ्यावर दोर आणि ट्यूब आहे की नाही, हे ग्रामसेवकानं पाहावं. आणि दिवाळीच्या सुट्टीत अंदमानचं, मालवणचं बुकिंग करणाऱ्या पांढरकवडेकरांनो, तुम्ही निघण्याआधी सहा महिने घरच्या बाईसकट सगळे पोहायला शिका, आणि तिथे गेल्यावर सगळे मिळून पाण्यात उतरा. नगर परिषदेला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर सह्या हव्या आहेत.